रिझर्व्हवर, रंध्याच्या पुढच्या चढापर्यंत

अकोल्याचा पेट्रोल पंप त्या दुपारी उघडा होता. या प्रवासाची हकीकत मी नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातील सहकाऱ्यांना अनेकदा सांगितली आहे. रिझर्व्हला लागलेली मोटारसायकल कुठवर जाऊ शकते हे ऐकताना माणसे हातातला चहा विसरतात, असा माझा अनुभव आहे. मात्र पंप उघडा होता, एवढे एक वाक्य मी दर वेळी वगळले. वर्षे गेली तरी ते वगळण्याची सवय गेली नाही. म्हणून आज लिहायला बसताना तेच सर्वांत आधी लिहून टाकले. आता मागे फिरता येणार नाही.

नव्वदीच्या दशकातील मधल्या एका वर्षाच्या डिसेंबरातील ही गोष्ट. माझी पन्नाशी उलटली होती. माझा मेव्हणा मधुकर, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, भंडारदऱ्याच्या अलीकडे एका लहानशा डोंगरी गावात राहतो. त्या वर्षी त्याने तेथे हलर (भात भरडून तांदूळ काढण्याचे यंत्र) बसवला होता. आम्ही बौद्ध. आमच्यातल्या माणसाने यंत्र लावावे आणि साऱ्या गावाने आपले भात त्याच्या दाराशी आणून टाकावे, हे त्या गावात पहिल्यांदाच घडत होते. आणि नेमका हंगामाच्या भरात हलरचा शाफ्ट मोडला. मोडका शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मधू एस.टी.ने संध्याकाळी नगरला आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"दाजी," पाण्याचा तांब्या बाजूला सारत तो म्हणाला, "उद्या दिस मावळायच्या आत नवा शाफ्ट बसला पायजे. राजूरचा गिरनीवाला टेम्पो धाडनार हाय. लोक म्हनले, मावळतीपोतर थांबू तुझ्यासाठी. मग आमी मोकळे."

"आणि एकदा ते राजूरला गेले तर?"

"मग हंगामभर तिकडंच. वरच्या आळीची मानसं पयल्यांदा माझ्या वट्यावर येऊन बसलीत, दाजी. उठली तर परत बसायची न्हाईत."

दुसऱ्या दिवशी नागापूरला ओळखीच्या माणसाच्या लेथवर नवा शाफ्ट काढून घेईपर्यंत सकाळ सरत आली. एस.टी.ने संगमनेर, अकोले, राजूर अशा गाड्या बदलत गेलो असतो, तर काळोख पडल्यावरच पोहोचलो असतो. मी रजा टाकली आणि मोटारसायकल काढली. पत्नीने भावाच्या हातात भाकरीचे फडके ठेवले आणि माझ्याकडे पाहत त्याला म्हणाली, "मध्या, वाटेत गाडीच्या अॅव्हरेजचं कौतुक ऐकायला लागेल हं. घरात कुणी ऐकत नाही, म्हणून यांनी तुला मागं बसवलंय."

"ऐकतो की, आक्का. शाफ्ट पोचला म्हंजे झालं."

हातभर लांबीचा, चकचकीत, तेल पुसलेला शाफ्ट मांडीवर आडवा धरून मधू मागे बसला आणि आम्ही निघालो. थंडीतले ऊन सौम्य होते. राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांना ओलांडण्यातच वेळ गेला. प्रत्येक ट्रॅक्टरवर गाण्यांचा आवाज इतका मोठा, की आमचा हॉर्न कोणाच्या कानांपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. कोल्हारला प्रवरेच्या पुलाअलीकडे थांबून आम्ही उभ्याउभ्या भेळ खाल्ली. कागदाच्या तळाशी उरलेली तिखट शेव मधूने बोटाने गोळा केली आणि डोळे पुसत म्हणाला, "दाजी, हितली भेळ खाल्ली की मानूस आपोआप पळतंय. गाडीलाबी जरा पाजा हिचं पानी." मी हसलो. इतक्या मोठ्या काळजीतही त्याचे विनोद थांबत नसत. ते थांबले असते, तर मला अधिक भीती वाटली असती.

संगमनेर मागे पडले आणि अकोल्याच्या रस्त्याला लागताच गाडीने पहिला आचका दिला. ज्यांनी त्या काळातल्या मोटारसायकली चालवल्या आहेत, त्यांना तो आचका आठवत असेल. त्या गाड्यांना पेट्रोलचा काटा नसे. नेहमीचे पेट्रोल संपले, की इंजिन अडखळे. मग चालकाने गुडघ्याखाली हात घालून टाकीखालचा कॉक फिरवायचा, आणि तळाशी राखून ठेवलेल्या थोड्याशा पेट्रोलवर, म्हणजे रिझर्व्हवर, पुढचा पंप गाठायचा. गाडी न थांबवता मी कॉक फिरवला. इंजिनाने पुन्हा सूर धरला.

"काय झालं?" मधूने विचारले.

"रिझर्व्हला लागली. अकोल्याला भरू."

"भरा बरं का. मला तितं हलरचा पट्टाबी घ्यायचाय."

या क्षणापर्यंत माझ्या मनात काहीही वावगे नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. वावगे आले ते पुढच्या तासाभरात, आणि त्याचे मूळ आमच्या कँटीनमध्ये होते. मी कमी बोलणारा माणूस आहे. एकदाच कधी तरी बोलण्याच्या भरात मी म्हणालो होतो, की माझी गाडी नुसत्या रिझर्व्हवर संगमनेरहून भंडारदऱ्याला जाईल. त्यावर एक सहकारी म्हणाला, "चालवत का ढकलत?" सारे टेबल हसले. मीही हसलो; मात्र ते हसू माझ्या मनात रुतून बसले. आणि आज, कोणताही बेत न आखता, गाडी नेमकी संगमनेरच्या वेशीवर रिझर्व्हला लागली होती. अकोल्यापर्यंतच्या त्या वाटेवर माझे लक्ष रस्त्यावर कमी आणि आकडेमोडीत अधिक होते. नकळत मी वेग उतरवला, मूठ हलकी धरली, चढ येण्याआधीच गाडीला गती दिली. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या छातीत शाळकरी मुलासारखे काही तरी उड्या मारू लागले होते.

अकोल्यात मधू पट्टा घ्यायला बाजारात शिरला. "तू पट्टा घे, मी पेट्रोल भरून आणतो," असे सांगून मी पंपाकडे गेलो. पंपावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गळ्यात मफलर गुंडाळलेले एक ठेंगणे गृहस्थ रांगेला शिस्त लावत होते. त्यांना सगळे नाना म्हणत होते. "डिझेलवाले डावीकडं! ओ मोटरसायकलवाले, तुमी कशाला थांबताय? या फुडं!" असा त्यांनी मला हातही केला. रांगेची सबबसुद्धा त्यांनी माझ्यासाठी शिल्लक ठेवली नाही.

मी हात वर करून नकार दर्शवला आणि गाडी वळवली.

मधू कोपऱ्यावर पट्टा खांद्याला अडकवून उभा होता. "भरलं?"

"पंप बंद आहे," मी म्हणालो.

इतके साधे होते ते. त्याने शंकासुद्धा घेतली नाही. "मायला, भर दिवसा पंप बंद!" एवढेच म्हणून त्याने आभाळाकडे पाहिले. सूर्य बराच कलला होता. "जाईल का हो दाजी, हाय त्यावर?"

"जाईल," मी म्हणालो. तेव्हा माझा स्वतःच्या शब्दावर पूर्ण विश्वास होता, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट.

त्यानंतरचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यातला आनंदही नाकारणार नाही. विठा घाट आम्ही धापा टाकत चढलो. मी मधूला पुढे सरकून बसायला सांगितले, वारा अडू नये म्हणून दोघांनीही माना खाली घातल्या. घाटमाथा येताच सगळी दिशाच बदलली. डावीउजवीकडे कापणी झालेली भातखाचरे, त्यांत उभ्या उडव्या (भाताच्या पेंढ्यांच्या रचलेल्या राशी), आणि समोर सह्याद्रीच्या निळ्या रांगा, एकीमागून एक. उतार लागला, तसे मी इंजिन बंद केले.

ती शांतता कशी सांगावी! फक्त टायरांचा सरसर आवाज, आणि कुठे तरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा. वाटेत डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका बाईने आवाज नसलेली मोटारसायकल जवळून जाताना पाहिली आणि ती दचकून बाजूला झाली. "आवाज कुठं ठिवून आलात?" ती मागून ओरडली.

"अकोल्याच्या पंपावर!" मधूने उलट ओरडून सांगितले आणि आपल्याच उत्तरावर खदखदून हसला. त्याच्या हसण्याने शाफ्ट माझ्या पाठीला लागत होता. मीही हसत होतो. पुढच्या चढाला पुन्हा किक, पुन्हा हलकी मूठ, पुन्हा उतार, पुन्हा इंजिन बंद. प्रत्येक वळणाला वाटे की येथे ती थांबणार, आणि ती थांबत नसे. प्रत्येक वळण मी जिंकत होतो.

राजूरला मात्र माझ्यातला शहाणा माणूस थोडा जागा झाला. एका दुकानात बाटलीतून पेट्रोल मिळते, हे मधूला ठाऊक होते. दुकानदाराने रिकामा डबा उलटा करून दाखवला. "सकाळीच एका वऱ्हाडाच्या जीपनं सगळं नेलं. अकोल्याला न्हाई का भरलं?"

"पंपच बंद की हो," मधू म्हणाला.

"बंद? कमाल झाली," दुकानदार म्हणाला. मी शेजारच्या दुकानातली केळी पाहत उभा राहिलो. माझे खोटे आता दुसऱ्याच्या तोंडून, अगदी निष्पाप आवाजात, तिसऱ्याला सांगितले जात होते.

राजूर सोडले आणि रस्ता वर-खाली होऊ लागला. रंध्याचा धबधबा जवळ आला, हे आवाजावरून कळले; डिसेंबरात तो पावसाळ्यातल्यासारखा गरजत नाही, पण दरीत पाणी कोसळत असल्याचे जाणवते. तेवढ्यात इंजिनाने आचका दिला. आता फिरवायला कॉक उरला नव्हता. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

"झालं?" मधूचा आवाज पहिल्यांदाच उतरलेला होता.

"अजून नाही," मी म्हणालो. मोटारसायकलची टाकी खोगिरासारखी असते. मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांना उतरलेली. कॉक एकाच अंगाला असतो, त्यामुळे दुसऱ्या अंगाच्या तळाला थोडेसे पेट्रोल अडकून राहते. मी मधूच्या मदतीने गाडी कॉकच्या बाजूला जवळजवळ आडवी केली. आत बारीकसा खळखळ आवाज झाला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

"दाजी, पेट्रोल हाय! आवाज आला!"

"उचल. हळू."

दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. मधूने शाफ्ट एका हातात उंच धरून अशी काही आरोळी ठोकली, की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. तेवढ्या घोटभर पेट्रोलवर आम्ही रंधा मागे टाकला, पूल ओलांडला आणि गावाच्या अलीकडचा शेवटचा चढ निम्मा चढलो. तेथे एका हिरड्याच्या झाडाखाली गाडी शांतपणे थांबली. या वेळी आचकाही नव्हता. आडवी केली, हलवली, टाकीच्या तोंडाला तोंड लावून फुंकून पाहिले. आत काहीही नव्हते.

सूर्य डोंगराला टेकला होता. गाव चढाच्या पलीकडे होते.

मधूने सूर्याकडे एकवार पाहिले. त्याने शाफ्ट खांद्यावर घेतला, पट्टा गळ्यात अडकवला आणि चढ धावत चढू लागला. वहाणा त्याला जड वाटल्या असाव्यात. त्या त्याने वाटेतच काढून टाकल्या. मी त्या उचलून हँडलला अडकवल्या आणि गाडी ढकलू लागलो. ढकलताना माझ्या लक्षात आले, की गाडी कुठवर जाते या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे आणि त्याचा मला काडीइतकाही आनंद झालेला नाही.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा खाली हलरचे अंगण दिसले. टेम्पो उभा होता. मधूचा आवाज साऱ्या खोऱ्यात घुमत होता, "शाफ्ट आनलाय रं! उतरवा! पोती उतरवा!" आणि अंगणाच्या मधोमध, आपल्या पोत्यावर पाय पसरून बसलेली ठकूबाई नावाची म्हातारी टेम्पोवाल्याला हात नाचवत सांगत होती, "आला का न्हाई? सकाळधरनं म्हनतेय, यील म्हनून. ह्यो म्हनतो, ऊठ म्हातारे, पोतं चढवायचंय. म्हनलं, उचलायचं तर मलाबी संगं उचल!"

"तुला उचलाया क्रेन लागंल, आजी," टेम्पोवाला म्हणाला आणि सगळे हसले. टेम्पोत चढवलेली पोती लोक आपणहून खाली घेऊ लागले.

परंतु सगळी नाही. मी गाडी भिंतीला टेकवली, तेव्हा मधू ठकूबाईशी हलक्या आवाजात बोलत होता.

"वरच्या आळीची दोन घरं गेली रं," ती म्हणाली. "पयल्या टेम्पोनं त्यांचं भात नेलं, ह्यो दुसरा. तुमी यायच्या जरासं आदी. त्यांची मानसं रस्त्याकडं बघत हुती लई वेळ. मग म्हनली, न्हाई येत आता."

मधूने मान हलवली आणि शाफ्ट बसवायला आत गेला. राजूरहून येणाऱ्या रस्त्यावर तो पहिला टेम्पो आम्हाला समोरून गेला असणार. आम्ही गाडी आडवी करून खळखळ ऐकत होतो तेव्हाच, कदाचित.

दिवेलागणीला इंजिनाचा ठोका सुरू झाला, पट्टा फिरला आणि हलरच्या तोंडातून पहिला तांदूळ पडला. ठकूबाईने तो कोमट तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगला आणि सर्वांत आधी माझ्या हातावर ठेवला. "ह्या पावन्यानं आनला शाफ्ट. कोरड्या टाकीवर आनला म्हने." मग प्रत्येकाला ती कथा हवी होती. नव्या तांदळाचा भात, हुलग्याचे कालवण आणि नागलीची (नाचणीची) भाकरी खाताना मी ती सांगितली. उतार, शांतता, आडवी केलेली गाडी, सारे काही. माझ्या आवाजात इतके चढउतार असू शकतात, हे मलाही ठाऊक नव्हते. आणि मध्ये मध्ये मधू न चुकता सांगत होता, "ते अकोल्याचं पंपवालं नीट असतं ना, तर ती दोन घरंबी आज हितं असती." पोरेबाळे, म्हातारेकोतारे, सगळे त्या अनोळखी पंपवाल्याला नावे ठेवत होते. मी भात कालवत होतो.

सकाळी निघण्यापूर्वी मधूच्या घरात वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याच्या शब्दांपाशी, माझा आवाज निघाला नाही. बाकीच्यांच्या आवाजात ते कोणाच्या ध्यानात आले नसावे. माझ्या ध्यानात आले.

शेजाऱ्याच्या गाडीतून बाटलीभर पेट्रोल मिळाले. हलरच्या इंजिनासाठी डिझेल आणायचे होते, म्हणून मधू दोन रिकामे कॅन घेऊन अकोल्यापर्यंत माझ्यामागे बसला. येताना जिंकलेली सगळी वळणे उलट क्रमाने भेटत होती. हिरडा, रंधा, राजूर, घाट. आज इंजिन बंद करायची मला इच्छा झाली नाही. मधू मात्र मजेत होता. "दाजी, त्या दोन घरांकडं मी आज सांजच्याला जानार. म्हननार, उरलेलं भात तरी आना. आनत्याल का हो?"

"आणतील," मी म्हणालो, आणि कालचे 'जाईल' मला आठवले.

पंपावर आजही ट्रॅक्टर होते आणि आजही नाना मफलर गुंडाळून उभे होते. मी गाडी लावायच्या आत मधू कॅन घेऊन उतरला आणि थेट त्यांच्यासमोर गेला.

"का हो नाना, काल भर दुपारी पंप बंद ठिवून कुठं गेल्ता? झोपायला?"

"कोन म्हनतं बंद?" नाना चमकले. "काल दिसभर हितं उभा हाय मी. पायाचं तुकडं पडलं."

"आता उभं हायेत म्हनं! तुमच्यापायी माझ्या दारची दोन घरं गेली. लोकांचं धंदं बुडवायचं आन् वर खोटं बोलायचं?"

"तोंड सांभाळून बोला. ह्या ट्रॅक्टरवाल्यांना इचारा. खोटं बोलायला मला काय पडलंय?"

दोन-तीन ट्रॅक्टरवाले जवळ आले. एक जण म्हणाला, "उगाच काय, पंप चालूच हुता की." मधूचा चेहरा लाल झाला. तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत संशयाचा लवलेशही नव्हता. मोठ्या माणसाला साक्षीला बोलावताना जो भरवसा असतो, तोच होता.

"दाजी, तुमीच सांगा ह्यांना. तुमी सोता आला हुता ना काल?"

नानांनी माझ्याकडे पाहिले. कालचा मोटारसायकलवाला त्यांनी ओळखला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.  सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते. एका ट्रॅक्टरचे इंजिन तेवढे चालू होते, आणि माझा आवाज नेहमीच लहान. म्हणून मी गाडीवरून उतरलो, त्या दोघांच्या जवळ गेलो आणि माझ्या सवयीपेक्षा मोठ्याने बोललो.

"मधू, पंप उघडा होता. नानांनी मला पुढेसुद्धा बोलावले होते, आणि मी परत फिरलो. गाडी रिझर्व्हवर कुठवर जाते, ते मला पाहायचे होते. तुझा शाफ्ट मांडीवर आहे आणि दिवस मावळतोय, हे ठाऊक असून मी पाहत राहिलो. ती दोन घरे माझ्यामुळे गेली. आज संध्याकाळी तू एकटा त्यांच्याकडे जाऊ नकोस. मी तुझ्याबरोबर परत येतो, आणि हेच त्यांच्या दारात सांगतो. नाना, तुम्हाला लागलेला बोल माझा होता. मधू, मी तुझ्याशी खोटे बोललो. मला क्षमा कर."